न उतरलेली पेटी

अमेरिकेत लढाई चालू होती आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं विकला जात होता, त्या वर्षांत मी अकोल्याच्या एका प्रेसमध्ये नोकरीला होतो. प्रेस म्हणजे रुई दाबून तिच्या घट्ट गाठी बांधायचा कारखाना. तोवर सैल रुईचे बोजे गाड्यांवर रचून पाठवत. अर्धी गाडी वाराच वाहून नेई. म्हणून अमरावतीच्या एका शेठनं विलायतेहून पाण्याच्या जोरावर चालणारं यंत्र मागवलं, आणि ते उभं करायला एक गोरा मिस्त्रीही.

आमची शेती बाळापूरच्या अंगाला. मी दुसरा मुलगा, शाळेत थोडं इंग्रजी शिकलेला. शेतात माझा हात चालत नसे. वडील म्हणाले, "नांगरामांगं तुया काई उपेग नाई. साहेबाच्या मांगं तरी जाय." तसा मी साहेबाचा दुभाषी झालो, आणि दुभाषी म्हणता म्हणता त्याचा अर्धा मदतनीस.

साहेब तिशी ओलांडलेला, सडपातळ, सदा खोकणारा. गाठींशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याचा सगळा जीव यंत्राच्या एकाच भागात होता. त्या भागाला तो 'अ‍ॅक्युम्युलेटर' म्हणे; आमच्या गड्यांनी त्याचं 'अकमल' करून टाकलं. जमिनीत रोवलेलं एक उभं लोखंडी नळकांडं, त्यात वरखाली होणारा जाड दांडा, आणि दांड्याच्या डोक्यावर खोलीएवढी पत्र्याची पेटी. पेटीत वजन भरायचं. लहानसं वाफेचं इंजिन नळकांड्यात पाणी रेटत राहायचं आणि पेटी हळूहळू वर चढायची. ती वर गेली की जोर साठला. मग कळ उघडली की पेटी आपल्या भारानं खाली येई, पाणी प्रेसमध्ये घुसे आणि रुई चेपली जाई. गड्यांना मी सांगितलं, "धान्याच्या पेवासारखं हाय हे. थोडं थोडं भरा लागते, अन् एकदम काढा लागते." त्यांना ते लगेच पटलं.

साहेबाला मात्र दुसराच प्रश्न पडलेला होता. साठवलेलं टिकतं किती? त्याच्या देशातल्या गोदीत त्यानं असली यंत्रं चालवली होती, पण तो थंड मुलूख. आमच्या उन्हात साठवलेल्या जोरातला किती गळून जातो हे अजून कोणी मोजलेलं नाही, असं तो म्हणे. ते मोजून त्याला विलायतेतल्या इंजिनेरांच्या एका विद्वत्सभेला कळवायचं होतं. तो विषय निघाला की त्याचा खोकलाही थांबे. फ्रान्सात कोणी शिशाच्या पत्र्यांत वीज साठवतो, रंगाऱ्यांच्या अंगात शिसं साठत जाऊन त्यांचे हात लुळे पडतात आणि डॉक्टर लोक त्याचा शोध घेत आहेत, असल्या गोष्टी तो मला सांगे. "सगळीकडे एकच हिशेब आहे," तो म्हणे. "काय साठतं आणि काय गळतं." मला त्यातलं निम्मं खरं वाटे आणि निम्मं तापातलं बोलणं. पण खोटं कशाला सांगू, ऐकायला गोड लागे. आमच्या बाजारात तेव्हा भावाशिवाय दुसरं बोलणं उरलंच नव्हतं.

यंत्र गाड्यांवरून आलं तेच मुळी रखडत. एक गाडी काळ्या जमिनीत आसापर्यंत रुतली. पेटीवर घालायच्या छपराचे पत्रे वाटेतच कुठं अडकले, ते शेवटपर्यंत आले नाहीत. हिवाळा गेला, कापसाचा भर गेला, आणि आम्ही अजून पाया भरत होतो. शेठचे निरोपावर निरोप येत. इथल्या कामावर त्यानं मुंबईकडचा एक कारभारी नेमला होता. माणूस कामसू, पण त्याला सगळं कालच झालेलं हवं असे.

पेटीत वजन काय घालायचं, यावरून पहिली अडचण आली. साहेबाला मोडकं लोखंड हवं होतं. वैशाखात मला त्यासाठी अमरावतीला पाठवलं. तिथं गेलो तर लोखंड म्हटलं की लोहार हसत. सगळ्या जिल्ह्यात नव्या गाड्या बनत होत्या, चाकांच्या धावांना लोखंड पुरत नव्हतं. दारोदार हिंडून मी एक गाडीही भरू शकलो नाही. उन्हानं डोकं फुटायची वेळ आली आणि मी हात हलवत परत फिरलो.

परत येतो तो पेटी भरलेली! साहेब तापानं अंथरुणाला खिळला होता, आणि कारभाऱ्यानं मध्येच काम उरकून टाकलं होतं.

"कशानं भरली?" मी विचारलं.

"माती-मुरूम," कारभारी म्हणाला. "वजनाशी मतलब ना? तुमचं लोखंड येईपर्यंत शेठ थांबतील काय?"

मी शिडीवर चढून पाहिलं. वर चांगला लाल मुरूम पसरलेला होता. मी खाली उतरलो आणि इंजिनाच्या कामाला लागलो.

साहेब बरा झाला तशी त्याची मोजणी सुरू झाली. सांजच्याला इंजिन लावून पेटी वर चढवायची, शेजारच्या सागवानी खांबावर कोळशाची खूण करायची, आणि सकाळी ती किती उतरली ते पाहायचं. रोज चांगली वीतभर उतरलेली असे. दांडा नळकांड्यात शिरतो तिथं चामड्याचा वाटोळा गळपट्टा असतो. पाणी तिथून झिरपत होतं. आमच्या वस्तीतल्या एका मोच्याला साहेबानं बोलावलं. तो पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यानं एकामागून एक गळपट्टे करून दिले. साहेबाला ते चरबीत भिजवायचे होते. चरबी कशाची, यावरून गड्यांनी काम टाकलं, आणि त्यांची समजूत घालता घालता माझी जीभ झिजली. शेवटी जवसाच्या तेलावर तोड निघाली. तरीही पेटी उतरायची ती उतरायचीच. साहेब पट्टा सैल आहे म्हणायचा, मोची म्हणायचा दांड्यावर ओरखडा आहे. मी दोघांच्या मध्ये उभा राहून एकाचं बोलणं दुसऱ्याला सांगताना त्यातला काटा काढून टाकायचो, आणि दोघंही माझ्यावरच चिडायचे.

घरी बायको म्हणे, "रोज तुमी त्या पेटीचं तोंड पायता. उतरली तं उतरली. काहून जीव काढून राहिले?" तिला काय सांगणार? मला त्या मोजणीचं वेड लागलं होतं.

आषाढात झड लागली. आमच्याकडची झड म्हणजे सूर्य दिसत नाही, चूल पेटत नाही, बैल गोठ्यात उभ्या उभ्या कंटाळतात. पेटीवर छप्पर नव्हतं, ती उघड्यावर भिजत होती. त्या झडीतच एका सकाळी साहेब चिखल तुडवत माझ्या दाराशी आला. असा तो कधी आला नव्हता.

"उतरली नाही," तो म्हणाला. "केसभरसुद्धा नाही!"

मी धावत गेलो. कोळशाची खूण पावसानं पुसट झाली होती, पण पेटी तिथंच होती. दुसऱ्या दिवशीही तिथंच, तिसऱ्या दिवशीही तिथंच. साहेबानं लगेच कारणही शोधलं. दमट हवेनं चामडं फुगून मऊ राहतं, म्हणून गळती थांबते. गरम देशात पावसाळ्यात साठवलेला जोर मुळीच वाया जात नाही, असा त्याचा सिद्धान्त झाला. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यानं चार दिवस बसून सगळं इंग्रजीत लिहून काढलं, आकृत्या काढल्या, आणि टपालात टाकलं. मोच्याला त्यानं स्वतःचा हात पुढे करून हातात हात दिला. मोची गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला.

शेठला निरोप गेला की यंत्र तयार आहे. पाऊस उघडल्यावर शेठ अमरावतीहून बैलांच्या दमणीत बसून आला. वखारीत मागच्या हंगामाची थोडी रुई पडून होती, ती प्रेसच्या पेटाऱ्यात भरली. चार गडी पेटाऱ्यावर उभे राहिले. साहेबानं स्वतः कळ उघडली.

काहीच झालं नाही.

पेटी वर जशीच्या तशी. पाण्याला जोर नाही, प्रेसचा रुई दाबणारा तवा हलेना. साहेबानं कळ पूर्ण उघडली. तरीही काही नाही. शेठ म्हणाला, "काय हो कारभारी, हे पाह्याले बलावलं का मले?" कारभाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी साहेबाकडे पाहिलं. तो नळकांड्याशी वाकला, आणि तेवढ्यात वरून करकर असा आवाज झाला. पेटी एकदम निसटून धाडकन खाली आली. पाण्याचा असा हिसका बसला की प्रेसकडे जाणाऱ्या नळाचा सांधा फुटला. फुटलेल्या सांध्यातून आलेल्या धारेनं एक गडी पेटाऱ्यावरून खाली फेकला गेला. त्याचा हात कोपरातून मोडला. रुई सगळी भिजली. शेठच्या पागोट्यावरूनही पाणी गळत होतं.

त्या गड्याला हाडवैद्याकडे पोचवून मी परत आलो तर निवाडा होऊन गेला होता. चामडं फुगून दांड्याला चिकटलं, म्हणून पेटी अडकली, असं साहेबानं सांगितलं होतं. म्हणजे दोष मोच्याचा. कारभाऱ्यानं त्याला पैसे न देता हाकलून दिलं होतं.

मला ते पटेना. चामडं चिकटलं असतं तर ते फाटलं असतं. मी गळपट्टा काढून पाहिला, तो धड होता. मग मी शिडी घेतली आणि इतक्या महिन्यांत दुसऱ्यांदा पेटीपाशी वर चढलो. पेटी दोन सागवानी खांबांमधून वरखाली होते. खांब आणि पत्रा यांत बोटभर जागा असायची. ती जागा कुठं उरलीच नव्हती. पत्र्याची कूस बाहेर आली होती, आणि खांबांवर वरून खालपर्यंत ताजे ओरखडे होते. मी वरचा मुरूम हातानं उकरला. वीतभर खाली काळा चिखल लागला. आमच्या शेतातला, तोच, बोटांना चिकटून न सुटणारा.

आमच्याकडे काळ्या मातीत घर बांधत नाहीत. पाऊस पडला की ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंत उभी राहू देत नाही. हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. पेटी पावसात फुगून खांबांत अडकून बसली होती. साहेब ज्याला टिकलेला जोर समजत होता, तो जोर नव्हताच; पेटीचा भार खांबांनी धरला होता, खालचं पाणी रोजच्यासारखं गळून गेलं होतं. दोन दिवस उघडीप पडल्यावर माती जरा आक्रसली, आणि नेमकी त्या वेळी पेटी सुटली.

मी तसाच चिखलाच्या हातानं कारभाऱ्याकडे गेलो.

"ही काळी माती कुठून आणली?"

"विहीर खणत होते तिथून. आयती होती. का?"

"वरून मुरूम काहून टाकला?"

"चिखल उडू नये म्हणून. अहो, माती काळी असो की पांढरी, मणाला मण भरतेच ना?"

त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच मला जास्त झोंबलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. भांडायला आलेल्या माणसाला समोर भांडण्याजोगं काही सापडू नये, तसं झालं. "एका माणसाचा हात मोडला," एवढं म्हणून मी बाहेर आलो.

साहेबाला वर चढवायला मला अर्धा दिवस लागला. वर गेल्यावर त्यानं खांबांवरचे ओरखडे पाहिले, काळ्या चिखलाचा गोळा हातात घेतला, आणि कितीतरी वेळ तो बोटांनी मळत राहिला. मग खाली उतरून आपल्या खोलीत गेला.

पेटी रिकामी करणं हे एक दिव्यच झालं. आतली माती पहारीनं फोडावी लागली. मग खाणीतला काळा दगड फोडून आणला आणि भरला. मोच्याला परत बोलवायला मी स्वतः गेलो. तो दारातच जोड्याला टाके घालत बसला होता.

"दादा, तुमचा काई कसूर नोता. पेटीतच खराबी होती," मी म्हणालो. "तुमचे पैसे मी मिळवून देतो. चाला."

त्यानं वर पाहिलं नाही. "चार लोकाईत हाकलून देल्लं मले. आता चार लोकाईत बलावून राहिले का?"

कारभाऱ्यानं मला एकट्यालाच पाठवलं होतं, आणि तेही हळूच.

"मंग जा," तो म्हणाला. "मले जोडे शिवू द्या."

गळपट्टे पुढे मुंबईहून मागवले. तेही तसेच गळत. दगड भरल्यावर पेटी रोज सकाळी वीतभर उतरलेली असे, पावसात आणि उघडिपीत सारखीच. म्हणजे खरं उत्तर एवढंच होतं, की गळतं. साहेबानं कळवलेलं सगळं चूक.

मी त्याला म्हणालो, "साहेब, दुसरं पत्र पाठवायला हवं."

"पाठवीन."

आठवडे गेले. मी पुन्हा आठवण केली. तो म्हणाला, "पहिलं कोणी वाचलं असेल असं तुला वाटतं? कुठल्याशा कपाटात पडलं असेल." मी म्हणालो, "मग दुसरंही त्याच कपाटात पडू दे." तो हसला नाही. त्याला खोकल्याची उबळ आली, आणि उबळ थांबल्यावर त्यानं दगडाच्या वजनाचं काहीतरी काढलं. मला राग यायचा, आणि रागवावं तर समोर हा आजारी, परमुलखात एकटा पडलेला माणूस. त्या दिवशी पावसात माझ्या दाराशी आलेलं त्याचं तोंड मला आठवे. पण मोडलेल्या हाताचा गडीही आठवे. त्याचा हात वाकडाच बसला होता, आणि तो आता बाजारात दुसऱ्यांच्या गाड्या राखत असे.

कार्तिकात प्रेस नीट चालू झाली. गाठी बांधून बाहेर पडू लागल्या, शेठ खूश झाला. आणि तो हंगाम संपायच्या आतच अमेरिकेतली लढाई संपल्याची बातमी आली. भाव असा कोसळला की वखारीतली रुई वखारीतच राहिली. प्रेस आठवड्यातून एक-दोन दिवस चाले, मग तेही बंद झालं. कारभारी मुंबईला परत गेला. साहेबाचाही करार संपला. निघताना तो म्हणाला, "मुंबईला पोचलो की पहिलं काम तेच. लिहीन." मी त्याची पेटारी दमणीत चढवली. तो मागं वळून हात हलवत होता. त्यानंतर त्याची काही खबर मला लागली नाही. जगला की नाही, तेही माहीत नाही.

मी स्वतः लिहिलं असतं. एकदा बसलोही. पण ती सभा कोणत्या गावात, पत्ता काय, हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

आगगाडी आली तसा मी बडनेऱ्याला इंजिनांना पाणी देणाऱ्या पंपावर लागलो. केस पांढरे होईपर्यंत तिथंच होतो. एकदा एक तरुण गोरा इंजिनेर गाडी बदलायला थांबला होता. पंप पाहून तो गप्पा मारू लागला, आणि मी असल्या यंत्रावर काम केलंय कळल्यावर खुलला. त्याला नागपूरकडे एक नवीन प्रेस उभारायची होती.

"तुमच्या मुलखाचा एक फायदा आहे," तो म्हणाला. "पावसाळ्यात चामडं दमट राहतं, म्हणून अ‍ॅक्युम्युलेटर मुळीच गळत नाही. तिकडे सगळ्यांना माहीत आहे. छापून आलंय."

मी त्याला सगळं सांगितलं. झड, फुगलेली पेटी, काळा चिखल, दगड, नंतरची मोजणी. माझं इंग्रजी गंजलेलं होतं. घाईत शब्द अडखळत होते. त्यानं सभ्यपणानं ऐकून घेतलं.

"हे कुठं लिहिलेलं आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही. मी तिथं होतो."

"हं," तो म्हणाला. "तुमच्या पेटीत तसं झालं असेलही." गाडीची घंटा झाली. त्यानं टोपीला हात लावला आणि डब्याकडे गेला. मी त्याच्या मागून फलाटाच्या टोकापर्यंत चालत होतो, "काळी माती घालू नका, दगड घाला, दगड," असं ओरडत. त्यानं खिडकीतून मान हलवली. समजून हलवली की निरोपाची, ते कळायला काही मार्ग नव्हता.

घरी आलो. बायकोनं ताट वाढलं. मी तिला झालेलं सांगितलं. ती म्हणाली, "तुमी तं सांगतलं ना त्याले? मंग झालं."

"झालं कसं?" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं की शेजारचे दारात आले. "झालं कसं?"

तिनं भाकरीवर भाजी वाढली आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.